गार ब्लँकेटं

रत्नागिरी-देवरूख एसटीत शेजारच्या गृहस्थांना मी न विचारताच फोनवर अलास्काच्या क्रूझचे फोटो दाखवत होते. ते जांभया आवरत "हां, हां" म्हणत होते. हिमनदीसमोर बसलेल्या माझ्या फोटोवर मात्र ते थांबले आणि फोन हातात घेऊन खरखरीत बोटांनी माझ्या मांडीवरचं ब्लँकेट मोठं करून बघू लागले.

"असली ब्लँकेटं चौदा वर्षं धुतली मी, जहाजावर."

"मग हिमनद्या रोजच्याच तुमच्या!"

"नाय ओ. लॉन्ड्री तळाला. ब्लँकेटं गारढोण होऊन खाली आली, की समजायचं, वर बर्फ आला."

माझं ब्लँकेट मी डेकवरच्या खुर्चीत तसंच टाकून आले होते.

मग त्यांनी फोटो हळूच सरकवला आणि बर्फाकडे बघत राहिले. माझा थांबा आला, तरी मला फोन परत मागवेना.