बांधावरचा भोंगा

माझं पोट वायरिंगवर चालतं. लातूरला एका डाळमिलचे पॅनल माझ्याकडे आहेत. त्यामुळे जळकोटकडच्या आमच्या उन्हाळी भुईमुगात रानडुकरं शिरली, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही जरा फुगलो. आईवडील आखाड्यावरच राहतात, म्हणजे शेतातल्या दोन खोल्यांत. वडिलांचा खुबा मोडल्यापासून ते बाजेवरच असतात. हाळी देऊन डुकरं हाकलण्याचे त्यांचे दिवस संपले होते.

मी बांधावरच्या कडुलिंबाला हालचाल टिपणारा सेन्सर बसवला, खोलीच्या पत्र्यावर भोंगा चढवला आणि मध्ये टायमर जोडला. सेन्सर नुसता डोळा मिचकावतो, भोंगा मिनिटभर वाजता ठेवायचं काम टायमरचं. अंधारायला लागलं की सगळं आपोआप चालू होईल, हीसुद्धा सोय केली.

खरं तर टायमर दोन लावायला हवे होते. काही हललं की आधी झाडावरचा दिवा लागेल, ओळखीच्या माणसाला खोडावरचं बटण दाबायला सवड मिळेल, आणि कुणीच दाबलं नाही तर मग भोंगा. मिलमध्ये माल वाहणारा पट्टा सुरू व्हायच्या आधी माणसांसाठी असा इशारा असतोच. नसला तर मी समोरच्याला फाडून खातो. इथं दुसरा टायमर माझ्या पिशवीत पडून होता. पण मला शेवटची एसटी गाठायची होती. शिवाय चाचणीला भोंगा कानठळ्या बसतील असा चटकन वाजला, तेव्हा मला लहान पोरासारखी मजा वाटली होती.

वडिलांनी बाजेवरून विचारलं, "आन् तुझे काका यायच्या टायमाला?"

"त्यांना काय, होईल सवय," मी म्हणालो आणि पिशवी उचलली.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागूनच आहे. दिवेलागणीला ते त्याच कडुलिंबाखालच्या पायवाटेनं यायचे, विचारपूस न करता थेट चुलीपाशी जाऊन भांड्यावरचं झाकण उचलायचे आणि "वैनी, आज काय शिजवलंस?" म्हणायचे. मग बाजेच्या पायथ्याशी बसून भावाचे पाय चेपायचे. दोघांचं कशावर तरी वाजायचंच, कधी पावसावर, कधी वीस वर्षांपूर्वीच्या बैलावर. वडील दिवसभर बाजेवर पडून त्या भांडणाची वाट बघायचे.

दुसऱ्याच दिवशी काका आले आणि भोंगा बोंबलला. शेजारच्या मळ्यात राखणीला बसलेली माणसं "डुक्कर आलं रे, हाणा!" करत काठ्या घेऊन धावली. बॅटरीच्या उजेडात त्यांना काका दिसले, दोन्ही हात वर केलेले, धोतर काट्यात अडकलेलं. सगळे पोट धरून हसले. काकाही हसले. मला फोन करून म्हणाले, "आरं, तुझ्या मशीनीला मी बी डुक्करच दिसलो का रं?"

मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये चहाच्या वेळी हा किस्सा मी रंगवून सांगितला. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

काका यायचे थांबले. वडील फोनवर विचारायचे, "तो कामून येईना?" मी सांगायचो, कामात असतील. मला ठाऊक होतं. साऱ्या शिवारानं ज्याला डुक्कर म्हणून घेरलं, तो माणूस त्या वाटेला पुन्हा कसा जाईल? पण हे कबूल केलं असतं तर जाऊन वायरी बदलाव्या लागल्या असत्या, आणि का बदलतोय हेही सांगावं लागलं असतं. मी नुसता टाळत राहिलो. एकदा आई वडिलांबद्दल म्हणाली, "त्यायनी जेवन कमी केलंय." तेव्हा कुठं मी सुट्टी टाकली.

काम तासाभराचंसुद्धा नव्हतं. दुसरा टायमर बसवला, दिवा टांगला, बटण लावलं. स्वतः सेन्सरसमोरून चालून पाहिलं. दिवा लागला, बटण दाबलं, भोंगा गप्प राहिला. मग मान खाली घालून काकांच्या शेतात गेलो.

"काका, चुकलं माझं. आता आधी दिवा लागतो, खोडावरचं बटण दाबलं की भोंगा वाजत नाही. चला."

"आरं, चुकलं काय त्याच्यात? यंत्राला काय कळतंय?" ते वैरण बांधत म्हणाले. "तू हो म्होरं. मी येतो."

यंत्राला कळत नाही हे खरं. मला कळत होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

ते आले, पण पायवाटेनं नाही. सडकेनं सगळा वळसा घालून आले. मी वडिलांपाशी खोलीत बसलो होतो. बाहेर कुंपणाशी चपला काढल्याचा आवाज आला. मग खाकरणं. मग हळूच, "येऊ का, मंडळी?"

वडिलांनी उभ्या जन्मात भावाच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता. त्यांनी आवाज ओळखला नाही.

"कोन पाव्हनं आलंय बघ रं," ते मला म्हणाले. "सतरंजी टाक त्यायला."