आधी कुठलं फेडायचं

डबा खाऊन झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या वैशालीने आपलं एक क्रेडिट कार्ड कात्रीने कापलं. "एक फिटलं बाई," म्हणत तिने पेढे वाटले. माझ्या पोटात दुखलं.

आपापल्या कार्डांचं कर्ज फेडायला आम्ही दोघींनी बरोबरच सुरुवात केली होती. तिने सगळ्यात लहान रक्कम आधी धरली, मी सगळ्यात जास्त व्याजाची. हिशेबाने माझंच बरोबर, शेवटी व्याज मीच कमी भरणार. पण हिशेब बरोबर आला म्हणून कुणी पेढे वाटत नाही.

घरी येऊन मी यांना म्हटलं, "या महिन्यापासून लहान कार्ड आधी फेडते."

"अगं, व्याज जास्त जाईल."

"जाऊ दे. मला काहीतरी संपलेलं बघायचंय."