आमचे डॉक्टर तोंड तपासायला शिकले

आमचे डॉक्टर दिसायला गोल, बोलायला गोड आणि चौकशीच्या बाबतीत एक नंबरचे भोचक. मी बस चालवतो म्हटल्यावर माझा खोकला राहिला बाजूला. वळणावर मागचं चाक कुठून जातं ते बसल्या जागी कसं कळतं, हे त्यांना आधी हवं होतं. बाहेर रांग वाढत होती आणि आत मी टेबलावर पेपरवेट फिरवून बस वळवून दाखवत होतो. पण माझ्या साखरेपुढे मात्र या माणसानं हात टेकले होते.

साखर काही केल्या उतरेना. गोळ्या वाढल्या, चालणं वाढलं, आकडा तिथल्या तिथं. डेपोतल्या साहेबांनी बजावलं होतं, की गाडी चालवायला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर बसा चौकशीच्या खिडकीत. उभा जन्म गाडीवर काढला आणि आता खिडकीत बसून लोकांना 'येईल हो बस' म्हणत राहायचं?

घरी तरी कुठे सुख! बायकोची पक्की खात्री, की मी बाहेर गोडधोड हाणतो. ड्युटीवरून आलो की शर्टाचे खिसे चाचपायची. न खाल्लेल्या पेढ्यांसाठी बोलणी खायची म्हणजे काय! असा राग यायचा म्हणून सांगू.

त्याच सुमारास दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी एक बाई येऊन बसायला लागल्या. त्या दातांच्या डॉक्टर. कंपाउंडरनं सांगितलं, की साध्या दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सनीही आता दात आणि हिरड्या तपासायच्या, असं ट्रेनिंग निघालंय आणि बाई ते करून घेतायत. मला हसूच आलं. या वयात शाळा! पण डॉक्टरांना नादच लागला होता. कंपाउंडरचं तोंड बघून झालं, नर्सचं झालं, औषधांची खोकी घेऊन आलेला माणूससुद्धा सुटला नाही.

माझी पाळी आली. डॉक्टरांनी सवयीनं टॉर्च उचलला, जीभ दाबली, 'आ' करायला लावलं आणि घसा स्वच्छ असल्याचं जाहीर केलं.

बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि घशापर्यंत जाताना वाटेत काय दिसलं?"

डॉक्टर स्वतःशीच हसले. म्हणाले, कॉलेजात वाटणीच तशी झाली होती, दात दातांच्या डॉक्टरांचे आणि बाकीचा माणूस आमचा. पुन्हा टॉर्च लावला. बाईंनी दाखवलं तसं बोथट टोकाची बारीक सळई एकेका हिरडीवर टेकवून बघायला लागले. रक्त आलं. मागच्या दाढा हलत होत्या, एकीच्या बुडाशी पू होता. दात घासताना रक्त तर सगळ्यांनाच येतं, असं मी सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, नाही येत. हिरड्यांत असा संसर्ग मुरला की साखर लवकर आटोक्यात येत नाही, आणि साखर वाढलेली असली की हिरड्या आणखी बिघडतात.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. गाजर, काकडी, मोड आलेली कडधान्यं, मी सांगतो ते खरंच खाता का, म्हणून विचारलं. आजवर मी 'हो हो' म्हणत आलो होतो. त्या दिवशी मात्र भडकलो.

"कशानं खाऊ? चहात बुडवलेला पाव आणि मऊ भात, एवढंच जातं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"दाढ दुखते हे साखरेच्या डॉक्टरला कशाला सांगायचं?"

बाई हसल्या. डॉक्टर नाही हसले. "मी सगळ्यांना चावायच्याच वस्तू सांगतो," म्हणाले, "आणि चावता येतं का, हे कुणाला विचारतच नाही."

पुढे दोन दाढा गेल्या, हिरड्या साफ झाल्या, गोळ्या चालूच राहिल्या. जादू काही झाली नाही, पण हळूहळू आकडा उतरला. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी मी ऐटीत भाजलेले शेंगदाणे घेऊन घरी गेलो. बायकोसमोर बसून कुडुमकुडुम खायला लागलो. म्हटलं, बघ, चोर सुटला. ती हसली. पण ती एकही दाणा उचलेना. घे की, घे की, चाललं होतं माझं. नको म्हणाली. मग डॉक्टरांचाच प्रश्न माझ्या तोंडून गेला.

"चावता येत नाही का तुला?"

तिनं नजर चुकवली. डाव्या बाजूनं जेवणं कधीच सोडलंय, म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या साखरेचं चाललं होतं ना सगळं."

मी दाणे बाजूला सारले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि तिला तोंड उघडायला सांगितलं. आधी लाजली, मग उघडलं. डावीकडच्या हिरड्या लालबुंद सुजल्या होत्या, आणि मला पत्ताच नव्हता. मला रडूच आलं.