तुसाची राख आणि नाथाची कवळी

सातपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून सहादूच्या हातांना चैन पडत नव्हती. इंदिरानगरच्या घरातले सगळे नळ त्याने खोलून पुन्हा बसवले. त्यातले दोन आधी गळत नव्हते, ते गळायला लागले. शेवटी भिमाबाईने त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

मग त्याला राखेने झपाटलं. भाताचं तूस जाळून उरलेली राख बारीक दळून मिसळली तर तेवढं सिमेंट कमी लागतं, असं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. घोटीच्या एका ओळखीच्या गिरणीवाल्याकडून तो पोतंभर राख घेऊन आला.

"अहो, ही घाण घरात कशाला?"

"तुला कपडे धुवायला अंगणात ओटा बांधतो. राखेचा!"

"राखेवर कपडे धुऊ?" भिमाबाईने कपाळाला हात लावला.

पण राख किती घातली तर माल टिकतो, हे आधी बघायला हवं होतं. त्यासाठी साचे हवे होते. सहादूची नजर घरभर फिरली आणि इडलीपात्रावर येऊन थांबली. वाळू, सिमेंट, राख कालवून त्याने करड्या रंगाच्या इडल्या पाडल्या. प्रत्येकीवर खिळ्याने राखेचं प्रमाण कोरलं: दहा, वीस, पन्नास. घट्ट झाल्यावर त्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात बुडवल्या आणि पातेलं सावलीला म्हणून स्वयंपाकघरातच ठेवलं. भिमाबाई बोलून बोलून थकली.

अशात एका दुपारी तिचा भाऊ नाथा दिंडोरीहून द्राक्षांची पेटी घेऊन आला. भिमाबाई बाजारात गेली होती, सहादू मागच्या अंगणात राख चाळत होता. नाथाला कडकडून भूक लागली होती. पातेल्यात पाहतो तर नाचणीचे दहीवडे भिजत घातलेले! त्याने दोन ताटलीत घेतले, वर दही ओतलं, साखर भुरभुरली.

पहिला घास घेताच वड्याचा भुगा झाला. तो थुंकत नाथाने दुसरा उचलला. ताईच्या हाताला दोष द्यायचा नाही म्हणून जरा जोर लावला. कट्ट असा आवाज झाला.

सहादू धावत आत आला. नाथाच्या एका हातात वडा होता, दुसऱ्यात अर्धी कवळी.

"दाजी, वडे लय कडक हायेत!"

"भुगा कुठल्याचा झाला? नंबर बघ, नंबर!"

"कसला नंबर?"

सहादूने ताटलीत उरलेल्या तुकड्यावरचं आणि नाथाच्या हातातल्या वड्यावरचं दही बोटाने पुसलं. भुगा झाला होता तो पन्नासचा. अख्खा राहिला तो दहाचा. सहादूने आनंदाने मेव्हण्याला मिठीच मारली.

"आता पातेल्यातला विसाचा तेवढा चावून बघ. त्या बाजूला दात आहेत ना अजून?"

तेवढ्यात भिमाबाई पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. पुढचा अर्धा तास सहादूला बोलूच दिलं गेलं नाही.

नवी कवळी तयार होईपर्यंत नाथा बहिणीकडेच राहिला. सकाळी खीर, दुपारी मऊ खिचडी, संध्याकाळी शिरा. त्याला काही घाई नव्हती. तोवर सहादूने दहा टक्के राखेचा ओटा बांधला आणि रोज त्याला पाणी पाजलं. ओटा एका बाजूला थोडा कलला होता, पण साबणाचं पाणी आपोआप वाहून जातं म्हणून भिमाबाईला तो मनापासून आवडला. तसं तिने नवऱ्याला मात्र सांगितलं नाही.

नाथा खिचडीची ताटली घेऊन त्या ओट्यावर टेकला.

"नाथा," सहादू खाली वाकून ओट्याला कुठे तडा जातो का ते एका डोळ्याने बघत म्हणाला, "जरा मध्ये सरक. आणि अजून एक वाढ खिचडी घे."