ताईच्या पोटाचं दुखणं आणि माझं स्वच्छ घर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. वर्ध्याला लागूनच्या आमच्या सिंदी मेघेत लोक मला चांगली बाई समजतात. त्यांच्या अकलेची मला कीव येते.

माझी थोरली बहीण, ताई, रोहणा या खेड्यातली. आई गेल्यावर तिनंच माझ्या वेण्या घातल्या, पुढं शिकायला वर्ध्याला पाठवलं. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा पोटाला शेक दिले – रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. कॅन्सर गेला. मग काही वर्षांनी तिचं पोट फुगायला लागलं. जेवली की कळा, कळांमागून उलटी. नुसती हाडं उरली. मी तिला वर्ध्याला डॉक्टरांकडे नेलं. हो, मीच नेलं – त्याचंही कौतुक झालं.

सर्जननी मला एकटीलाच आत बोलावलं. ताई बाहेर बाकावर पोट धरून आडवी पडली होती. ते म्हणाले, शेकांनी कॅन्सर जाळला तसं शेजारचं लहान आतडंही पोळलं. आता ते कडक होऊन आकसलंय, अन्न पुढं सरकत नाही. तेवढा भाग काढून चांगली टोकं जोडायची. शेक लागलेलं आतडं लवकर भरून येत नाही, म्हणून काही महिने मैला पोटावर लावलेल्या पिशवीत काढायचा, नंतर पिशवी बंद. पण उशीर नको. आतडं फुटलं तर अवघड होईल.

मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. शिकलेली आहे मी. ऑफिसात लोक माझ्या टेबलापुढं हात बांधून उभे राहतात.

काही महिने पिशवी – आणि ती कुणाच्या घरी? माझ्या. नेमकं तेव्हाच माझ्या मुलीचं, मीनलचं, जमत होतं. नागपूरची माणसं, मोठ्या हुद्द्यांची. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी व्हायचं होतं. तिथं आतल्या खोलीत पोटाला पिशवी लावलेली मावशी? मला आधी वास आठवला, मग पडदे, मग सोफा. ताईचा जीव कधी आठवला? आठवलाच नाही.

बाहेर आले. ताई उठून बसली.

"का म्हणे डाक्टर?"

"ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. पातळ खा, गोळ्या घे."

"बरं होईन ना पण?"

"होईल."

तिचा चेहरा उजळला. ऑपरेशनचं भय तिला होतंच. आणि मला काय वाटलं असेल? लाज? नाही – राग आला. इतकं कसं कुणी भोळं असावं? गाडीत ती हसत भाऊजींना, तिच्या नवऱ्याला, फोन करत होती, आणि मी खिडकीबाहेर बघत मनात तिला मूर्ख म्हणत होते.

साक्षगंधाला ती आली नाही. फोनवर म्हणाली, "मले काईच पचून नाई राह्यलं. तिथं उलटी झाली तं तुयं नाक कटन. तुमी करून घ्या." मी म्हणाले, आराम कर. फोन ठेवला आणि हायसं वाटलं – हायसं, ऐकताय ना? पाहुण्यांनी घर किती स्वच्छ ठेवलंय म्हणून माझी स्तुती केली. मी ती लाडवासारखी खाल्ली.

मग आतडं फुटलं. भाऊजींनी तिला भाड्याच्या गाडीत घालून दवाखान्यात आणलं तेव्हा पोट दगडासारखं झालं होतं. सर्जन तेच. त्यांनी विचारलं, सांगूनही का नाही आणलं? मी म्हणाले, "तीच तयार होत नव्हती, सर. खेड्यातली माणसं." भाऊजी लांब गाडीजवळ होते. ताई शुद्धीवर नव्हती. सर्जननी मान डोलावली. खेड्यातल्या बाईबद्दलचं खोटं किती सहज खपतं!

ती वाचली. पण आतडं फार काढावं लागलं, आणि उरलेलं जोडण्याजोगं राहिलं नाही. पिशवी आता कायमची. मीनलचं लग्न आटोपल्यावर मी ताईला घरी आणलं – आटोपल्यावर. पिशवी मीच बदलते. शेजारणी म्हणतात, सख्खी बहीण असावी तर अशी. ताईनं मात्र विहारात जाणं सोडलंय; वंदना चालू असताना पिशवीतून आवाज येतो म्हणून.

मागच्या महिन्यात तिला दाखवायला नेलं होतं. तिथं आंजी गावची एक बाई होती, तिलाही शेकांमुळंच हे झालेलं. ऑपरेशनला नको म्हणत रडत होती. ताईनं तिचा हात धरला.

"नोको भेऊ वं, बाई. माही बहीण पाय ना – डाक्टरनं सांगतल्याबरोबर हिनं मले भरती केलं, म्हणून मी जित्ती आहो."

मला कळेना, ही काय बोलतेय. मग कळलं – तिच्या लेखी सर्जननी एकदाच सांगितलं होतं, आतडं फुटलं तेव्हा.

त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. "खरं का, बाई?"

"हो," मी म्हणाले.

ताई अभिमानानं माझ्याकडं बघत होती. मीही तिच्याकडं बघून हसले.