पिंजलेल्या डोक्याचा खांब

माचा एका अंगाला कलला आणि वरचे रूळ घसरायला लागले. वर सहा जण होते, त्यात माझा थोरला भाऊ, अण्णा. खाली खांब जमिनीत शिरत होता.

ती भाराची टेस्ट होती. गुंजीजवळच्या नाल्यावर रेल्वेचा पूल व्हायचा होता. तळाला चिखल, म्हणून सागवानी खांब ठोकून त्यांवर पूल उभा करायचा. आम्ही गडी-बाया दोर ओढून लोखंडी घण वर न्यायचो आणि खांबावर सोडायचो. मी चौथी शिकलेली, म्हणून मोजणीही माझ्याकडे. दहा घावांत खांब किती उतरला, त्याला इंजिनिअर साहेब ‘सेट’ म्हणायचे. सेट जितका कमी, तितका खांब जास्त भार पेलणार, असा अंदाज. मग एका खांबावर फळ्यांचा माचा बसवून, त्यावर रूळ रचून तो अंदाज पारखायचा.

या खांबाचा सेट बोटभरही नव्हता. खांब ठोकून घेणारा मिस्त्री खूश. पण खांबाचं डोकं मार खाऊन केरसुणीसारखं पिंजलं होतं. घण गादीवर पडावा तसा पडत होता.

मी म्हटलं, “मिस्त्री, खांब घट्ट जमिनीला टेकला न्हाय. घाव डोकंच खातंय. ते कापा आन् पुन्ना दहा घाव घाला.”

“आक्का, तू आकडं लिव्ह. खांबाचं मी बघतो.”

माचा बसवायला डोकं कापावंच लागलं. मी म्हटलं, आता तरी ठोका.

“घण दुसऱ्या खांबावर गेलाय. परत कोन आनतंय?”

मग मी बायकांना घेऊन माच्याखाली स्लीपरचे, म्हणजे रुळांखालच्या लाकडी ओंडक्यांचे, थर रचले, वर वीतभर फट ठेवून.

“हे कशापायी गं?” मिस्त्रीनं विचारलं.

“स्लीपर कुठंतरी ठेवायचंच हाईत. आन् वर तुमचा भाऊ चढनार न्हाय, माझा चढनार हाय.”

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर रूळ चढले. निम्म्या भारालाच खांब खचला. माचा वीतभर खाली येऊन स्लीपरवर आदळला आणि तिथंच थांबला.

“हे स्लीपर कुणी ठेवले?” साहेबांनी विचारलं. मिस्त्रीनं माझ्याकडे बोट केलं. मला बोलणी बसतील असं त्याला वाटलं असावं. मी पिंजलेल्या डोक्याचं सांगितलं, तेव्हा साहेबांनी घण परत आणवला. कापलेल्या डोक्यावर दहा घाव बसले तर खांब वीतभर उतरला. त्यानंतर प्रत्येक खांबाचं डोकं आधी मी बघायचं, मगच सेट लिहायचा, असं ठरलं. ते काम मी पूल होईपर्यंत केलं आणि चोख केलं.

पिंजलेल्या डोक्यावरचा सेट खरा धरू नये, एवढंच.

माच्यावरच्या एकाच्या पायाचा अंगठा चेचला. बाकीच्यांना खरचटलं. अण्णा धरून सहाही जण जगले.