नाव नसलेल्या फळाची वाइन

पिंपरीच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि माणसं कमी लागू लागली, तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मिळालेल्या पैशात कोथरूडला एका सोसायटीत तळमजल्यावरची जागा घेतली. तळमजला घ्यायचं कारण एकच, मागचं छोटंसं अंगण. मुलगी नुकतीच सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. ती सकाळी कंपनीच्या बसनं जायची, बायको शिकवण्या घ्यायची आणि मी दिवसभर मोकळा.

मला एकच नाद होता. कारखान्यातल्या एका गोव्याच्या सहकाऱ्यानं मला द्राक्षाची वाइन करायला शिकवलं होतं. दर वर्षी थंडी सरता सरता द्राक्षं स्वस्त झाली की मी एक बरणी घालायचो. बायकोनं ते कधी अडवलं नाही, फक्त बरणी लोणच्याच्या बरण्यांपासून लांब ठेवायला लावली.

त्या वर्षी होळीच्या सुमारास अंगणातल्या कोपऱ्यातलं झुडूप लाल झालं. आधीच्या मालकांनी लावलेलं, माणसाच्या डोक्याहून थोडं उंच. फळं बोराएवढी, पण त्यांना उभ्या खाचा होत्या, एखादा भोपळा लहान होत होत बोराएवढा व्हावा तशी. हिरवी, केशरी, लाल, सगळी एकाच फांदीवर. असं फळ मी मंडईत कधी पाहिलं नव्हतं. मी लगेच बरणी धुवायला काढली.

बायको म्हणाली, “नाव कळेपर्यंत एकही तोंडात घालायचं नाही.”

तिचं बरोबर होतं. मी चौकशी सुरू केली. रोपवाटिकेतल्या माणसानं न बघताच ते शोभेचं झाड असल्याचं सांगितलं. कोपऱ्यावरच्या फळवाल्यानं चेरी म्हटलं आणि मग स्वतःच हसला. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते विषारी वाटत होतं, पण कशावरून ते सांगता येईना. मुलीनं ऑफिसातून इंटरनेटवर शोधलं, पण नावच माहीत नाही तर शोधायचं काय, तिला लिहिता येईना. इकडे बुलबुल रोज सकाळी येऊन पिकलेली फळं बघता बघता फस्त करत होते. मी चहाचा कप घेऊन नुसता बघत बसायचो.

आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, एक बाई एकट्याच राहायच्या. सत्तरीच्या आसपासच्या, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. दारावर फक्त आडनाव. जिन्यात भेटल्या तर मान हलवायच्या, त्यापलीकडे आमची ओळख नव्हती. एका दुपारी मी फांदी हातात घेऊन पुन्हा कुणाला तरी दाखवायला निघालो, तर त्या जिन्यात उभ्या होत्या.

“सगळ्या पुण्याला विचारून झालं ना?” त्या म्हणाल्या. “वर यायला जिना होता.”

मला काही उमगेना. तेव्हा कळलं की त्यांनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. कुणी विचारलं नाही, एवढंच उत्तर आलं. मी फांदी पुढे केली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

“फूल आणा. नुसत्या फळावरून नाव सांगायला मी ज्योतिषी नाही.”

बहर जवळजवळ संपला होता. मी स्टुलावर चढून आणि बायकोनं खालून वाकून आम्ही सगळ्या फांद्या धुंडाळल्या. भिंतीकडच्या बाजूला एक फूल सापडलं, पांढरं, नखाएवढं. ते वाटीत घालून आम्ही दोघं वर गेलो.

बाईंनी कपाटातून जुनं भिंग काढलं आणि पदरानं पुसलं. खिडकीशी बसून त्यांनी फूल पाहिलं. चार पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांचा झुपका. मग एक पान उजेडासमोर धरून बायकोला दाखवलं. पानभर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक ठिपके होते. ते तेलाचे, म्हणाल्या. हे पेरूच्या आणि जांभळाच्या कुळातलं. मग त्या उठून जाड पुस्तकं काढू लागल्या. आमच्याशी बोलणं थांबलं, स्वतःशीच पुटपुटणं सुरू झालं. चेहरा असा उजळला होता की आम्ही मध्ये बोललो नाही.

“सुरीनाम चेरी,” त्या अखेर म्हणाल्या. “चेरीशी हिचा काही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेतली आहे. खुशाल खा. पण ओढून काढू नका. बोट लावताच हातात पडेल तेच फळ पिकलेलं. बाकीच्यांना राळेचा वास येतो. आणि बिया काढून टाका.”

वाइनचं ऐकून त्यांच्या कपाळावर आठी पडेल असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट साखर किती आणि यीस्ट कुठलं, ते विचारलं.

त्यानंतर रोज सकाळी बुलबुलांच्या आधी आम्ही तिघं अंगणात असायचो. बाई खुर्चीवर बसून सूचना करायच्या आणि बायकोनं केशरी फळ काढलं की नुसतं “हं” म्हणायच्या. बायको एरवी कुणाचं ऐकून घेत नाही, पण ते “हं” तिनं ऐकून घेतलं. फळं कुस्करून, साखर आणि उकळून गार केलेलं पाणी घालून बरणीवर मलमलचं फडकं बांधलं. दुसऱ्याच दिवशी फेस आला. बाई खाली येऊन बरणीला कान लावून ऐकायच्या. विद्यार्थ्यांना घेऊन घाटात जायच्या तेव्हाच्या गोष्टी त्यांनी त्याच खुर्चीवर बसून सांगितल्या.

गाळून भरून ठेवलेली बाटली दिवाळीच्या फराळाआधी उघडली. रंग कोवळ्या डाळिंबाच्या रसासारखा, चव आंबटसर, शेवटी जराशी राळेची आठवण. मुलीनं तोंड वाकडं केलं. मी बाईंना विचारलं, कशी झालीय. त्यांनी पेला संपवला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, “द्राक्षाची बरी होत असेल.”

मग त्यांनी पेला पुन्हा माझ्याकडे सरकवला. बायको चकल्यांची ताटली घेऊन बाहेर आली आणि आम्ही अंधार पडेपर्यंत अंगणात बसून राहिलो.